ऑक्टोबर-नोव्हेंबरचं हरिकेन कुठून येतं? आफ्रिका सोडा, जमैकाच्या खाली बघा

प्रश्न असा आहे की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मायामीहून कोझुमेल (मेक्सिको)-बेलीझ-रोआतान (होंडुरास) अशी क्रूझ बुक केलीय, आईबाबा पुण्याहून येतायत, आफ्रिकेच्या बाजूचा अटलांटिक एकदम शांत दिसतोय, मग सीझन आटोपला असं समजायचं का? आणि आटोपला नसेल तर या दिवसांत वादळं तयार होतात तरी कुठे?

आधी थोडक्यात सांगतो. सीझन आटोपलेला नाही, फक्त जागा बदललीये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपण सगळे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, केप व्हर्डे बेटांकडे डोळे लावून बसतो, पण ऑक्टोबर लागला की ती सवय सोडायची आणि पनामा, निकाराग्वा, जमैका आणि मेक्सिकोचं युकातान यांच्यामधला जो समुद्र आहे, म्हणजे पश्चिम कॅरिबियन, तिकडे बघायचं. आणि तुमची क्रूझ नेमकी तिथेच चाललीये. घाबरवण्यासाठी म्हणत नाहीये, शक्यता कमीच असते, पण "आफ्रिका शांत म्हणजे सगळं शांत" हे नोव्हेंबरमध्ये अजिबात खरं नाही.

मी जहाजांसाठी वेदर राउटिंगचं काम करतो, म्हणजे कॅप्टनला कुठल्या मार्गाने जा, कुठे थांब, कुठे वेग वाढव हे सांगायचं, आणि गल्फ (मेक्सिकोचं आखात) आणि कॅरिबियन हा माझा रोजचा भाग. त्यामुळे खालचं सगळं जरा त्या नजरेतून आहे.

ऑफिशियल सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. सगळ्यात जास्त गडबड १० सप्टेंबरच्या आसपास. १९९१ ते २०२० ची सरासरी बघितली तर वर्षाला १४ नावाची वादळं होतात, त्यातली बहुतेक ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होऊन गेलेली असतात, शेवटची एखाद-दोन उरतात. आकड्यात बघितलं तर वाटतं की काय राहिलं आता. पण ती उरलेली एखाद-दोन कुठे होतात ते बघा. मिच, विल्मा, पालोमा, एटा, आयोटा, मेलिसा. सगळी कॅरिबियनमधली, सगळी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, आणि सगळी एकापेक्षा एक भयानक.

आता आफ्रिकेची बाजू का बंद होते ते बघू. उन्हाळ्यात एकीकडे सहारा तापलेलं असतं आणि दक्षिणेला गिनीच्या आखाताकडे त्यामानाने थंड आणि दमट हवा असते, या फरकामुळे तिथे वरच्या हवेत पूर्वेकडून पश्चिमेकडे एक जोराचा वारा वाहतो, आणि त्या वाऱ्यातून दर तीन-चार दिवसांनी एक वेव्ह सुटते, ट्रॉपिकल वेव्ह म्हणतो आम्ही त्याला. वर्षाला अशा ६० च्या आसपास वेव्ह्ज निघतात. ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेतला पाऊस दक्षिणेला सरकतो, तो फरक कमी होतो, वेव्ह्ज दुबळ्या निघतात. त्यात आणखी एक गोष्ट होते, वरच्या थरातले पश्चिमेचे वारे दक्षिणेला उतरायला लागतात, मग खाली वारा पूर्वेचा आणि वर पश्चिमेचा, यालाच विंड शिअर म्हणतात, आणि वाढणाऱ्या वादळाचा ढगांचा खांब त्याने तिरका होऊन फाटतो. म्हणजे मधल्या अटलांटिकमध्ये पाणी अजून २७-२८ डिग्री असतं, पाण्याचा दोष नाही, वरची हवा साथ देत नाही. पाणी गरम म्हणजे वादळ होणारच असं समजणाऱ्यांनी ऑक्टोबरमधला मधला अटलांटिक एकदा बघावा.

पण म्हणून वेव्ह्ज येणं थांबत नाही हं. इथे लोक चुकतात. वेव्ह आफ्रिकेतून निघते, अख्खा अटलांटिक पार करते, वाटेत काहीच करत नाही, सॅटेलाइटवर चार ढग दिसले तर दिसले, आणि कॅरिबियनच्या पूर्व कडेची विंडवर्ड बेटं ओलांडून कॅरिबियनच्या पश्चिम भागात पोचली की अचानक जिवंत होते. मिच, एटा, आयोटा, मेलिसा, या सगळ्यांचं मूळ अशाच वेव्ह्जमध्ये आहे. म्हणजे ठिणगी आफ्रिकेचीच, पण पेटायची जागा हजारो किलोमीटर पुढे सरकलेली. त्यामुळे अंदाजाच्या नकाशावर आफ्रिकेजवळ लाल-पिवळे गोळे (लाल म्हणजे वादळ व्हायची शक्यता जास्त, पिवळा म्हणजे कमी) दिसले नाहीत म्हणजे काही येत नाहीये असं नसतं, आणि दिसले तरी त्याचा तुमच्या क्रूझशी संबंध असेलच असंही नसतं.

मग पश्चिम कॅरिबियनमध्येच असं काय आहे? इथे थोडं सविस्तर लिहितो कारण हाच खरा मुद्दा आहे.

एक तर पाणी. ऑक्टोबरच्या शेवटीसुद्धा तिथे २८-२९ डिग्री असतं, पण वरच्या तापमानापेक्षा खोली महत्त्वाची. जमैका, केमन बेटं आणि युकातानच्या मधल्या पट्ट्यात २६ डिग्रीचं पाणी १०० मीटरच्या खालपर्यंत जातं. नॉर्मली वादळ समुद्र ढवळतं, खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच स्वतःचं इंधन तोडतं. इथे ढवळलं तरी खालून गरमच पाणी येतं. म्हणूनच इथली वादळं एका जागी रेंगाळली तरी लगेच मरत नाहीत. गल्फच्या उत्तरेला, लुइझियाना-टेक्सासच्या उथळ किनाऱ्यावर उलट आहे, दोन-तीन कोल्ड फ्रंट, म्हणजे उत्तरेकडून थंड हवेचे लोट, आले की ते पाणी भराभर गार होतं आणि नोव्हेंबरमध्ये तिकडे गेलेलं वादळ बरेचदा दमतं.

दुसरं, वारा. कॅरिबियनमध्ये व्हेनेझुएला-कोलंबियाच्या उत्तरेला खालच्या थरात पूर्वेचा एक जोराचा वारा असतो, जुलैमध्ये तो ऐन भरात असतो. तेव्हा तो इतका पळतो की पूर्व आणि मध्य कॅरिबियनमध्ये हवा पसरते, खाली बसते, आणि आलेल्या वेव्ह्ज तिथे मरतात, जुने फोरकास्टर त्या भागाला वादळांचं स्मशानच म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरमध्ये हा वारा ढिला पडतो. हवेला आता साचायला वेळ मिळतो.

तिसरं, पॅसिफिक. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पूर्व पॅसिफिकमध्ये जो पावसाचा, कमी दाबाचा पट्टा असतो, आपल्या मान्सूनच्या ट्रफसारखाच, त्याचं टोक या दिवसांत पनामा-कोस्टा रिका ओलांडून नैऋत्य कॅरिबियनपर्यंत येतं. त्याच्याबरोबर पॅसिफिकवरून पश्चिमेचे दमट वारे चढतात. उत्तरेला ट्रेड विंड्स पूर्वेकडून, दक्षिणेला हे पश्चिमेकडून, मधली हवा आपोआप गोल फिरायला लागते. फिरकी तयार मिळाली, गरम पाणी तयार मिळालं, आता फक्त एखादी वेव्ह त्यात येऊन पडायची वाट. कधीकधी तीही लागत नाही.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला की त्याला सेंट्रल अमेरिकन जायर म्हणतात. हजारभर किलोमीटरचा अवाढव्य, आळशी भोवरा, मध्यभागी वारा मंद, पूर्वेच्या बाजूला धो धो पाऊस, आणि कडेकडेने छोटे छोटे कमी दाबाचे गोळे फिरत राहतात, त्यातला कुठला मोठा होणार हे शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही. मे-जूनमध्ये होतो आणि परत सप्टेंबर ते नोव्हेंबर. २०१७ चं नेट, २०१८ चं मायकल, दोन्ही अशा जायरच्या पोटातून निघाली. गंमत म्हणजे सीझनच्या सुरुवातीला, जूनमध्ये वादळं जिथे होतात तीच जागा सीझनच्या शेवटी परत चालू होते, पश्चिम कॅरिबियन आणि गल्फ. मधल्या दोन-तीन महिन्यांत फक्त पसारा पूर्वेकडे वाढतो आणि मग परत घडी होऊन इथेच येतो.

आपल्याकडेही साधारण असंच नाही का, अरबी समुद्रात ऐन पावसाळ्यात चक्रीवादळ जवळजवळ होत नाही कारण शिअर प्रचंड असतो, ती होतात मान्सूनच्या आधी नाहीतर परतल्यानंतर. फयान आठवत असेल कोकणातल्या लोकांना, ११ नोव्हेंबर २००९, दिवाळी होऊन गेल्यावर. कारणं अगदी तीच नाहीत पण "पाऊस गेला आता काय होतंय" हा गैरसमज दोन्हीकडे सारखाच आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी लेट सीझनला जास्त सावध असतो ती सांगतो. वेळ. केप व्हर्डेजवळ तयार झालेलं वादळ बेटांपर्यंत यायला आठवडाभर घेतं. त्याचं नाव ठरतं, टीव्हीवर रोज दाखवतात, लोक पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात, आम्ही जहाजं आरामात वळवतो. पश्चिम कॅरिबियनमध्ये तयार झालेल्या वादळाच्या चारही बाजूंना जमीन आहे. मायकल ७ ऑक्टोबर २०१८ ला डिप्रेशन (नाव पडण्याआधीची पायरी) झालं आणि १० तारखेला फ्लोरिडात मेक्सिको बीचला कॅटेगरी ५, म्हणजे हरिकेनच्या सगळ्यात वरच्या पायरीचं, म्हणून धडकलं, ताशी २६० किमीच्या आसपास वारा. एटा ३१ ऑक्टोबर २०२० ला डिप्रेशन, ३ नोव्हेंबरला निकाराग्वात कॅटेगरी ४. आयोटा १३ नोव्हेंबरला सुरू, १६ च्या रात्री परत निकाराग्वात, परत कॅटेगरी ४, एटा जिथे आलं तिथून जेमतेम २५ किमी दक्षिणेला. दोन आठवड्यांच्या आत त्याच कोळी-वस्त्यांवर दोनदा. पालोमा ५ नोव्हेंबर २००८ ला सुरू, ८ ला क्युबात. रफाएल २०२४ मध्ये ३-४ नोव्हेंबरला तयार झालं आणि ६ तारखेला क्युबात कॅटेगरी ३. सगळीकडे हिशोब तोच, तीन दिवस, फार तर चार. त्या तीन दिवसांत वादळाला शून्यापासून कॅटेगरी ४ पर्यंत नेण्याएवढी ताकद त्या पाण्यात असते. विल्माचा दाब ऑक्टोबर २००५ मध्ये २४ तासांत ९७ मिलिबारने पडला आणि ८८२ ला जाऊन टेकला, अटलांटिकमधला आजवरचा सगळ्यात कमी, आणि हे १९ ऑक्टोबरला, म्हणजे "पीक" संपून महिना उलटल्यावर.

क्युबातल्या सांता क्रूझ देल सूर या गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ९ नोव्हेंबर १९३२ ला तिथे हरिकेन आलं, समुद्र गावात घुसला, सुमारे ३,००० माणसं गेली. नोव्हेंबरमधलं कॅटेगरी ५ म्हणून नोंद असलेलं ते एकमेव वादळ आहे. आणि २००८ मध्ये पालोमा त्याच गावावर आलं, ८ नोव्हेंबरला, ७६ वर्षांना एक दिवस कमी. यावेळी लोक आधीच हलवले होते. क्युबाचे लोक नोव्हेंबरला हलक्यात घेत नाहीत ते उगाच नाही. हवानाच्या बेलेन वेधशाळेत बेनितो विन्येस नावाचे एक पाद्री होते, १८७० पासून त्यांनी ढग, वारा, जहाजांच्या नोंदी गोळा करून महिन्यागणिक वादळांचे मार्ग कसे बदलतात हे मांडलं, सॅटेलाइट सोडा, रेडिओसुद्धा नव्हता तेव्हा. ऑक्टोबरची वादळं दक्षिणेकडून, कॅरिबियनमधून येतात हे हवानाला तेव्हापासून माहीत आहे.

तयार झाल्यावर ती जातात कुठे हाही तुमच्या प्रश्नाचा भाग आहे, विचारला नसलात तरी. दोन मुख्य रस्ते. उत्तरेला जास्त दाब (रिज) भक्कम असेल तर पश्चिमेला, निकाराग्वा-होंडुरास-बेलीझवर. आणि अमेरिकेवरून एखादा ट्रफ (कमी दाबाचा पट्टा) खाली आला तर त्याने ओढून उत्तर किंवा ईशान्येला, म्हणजे केमन, क्युबा, जमैका, फ्लोरिडा, बहामा. त्यामुळे फ्लोरिडाला लेट सीझनचा धोका सहसा पूर्वेकडून नसतो, पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून असतो. विल्मा युकातानवर दोन दिवस बसून मग २४ ऑक्टोबरला फ्लोरिडाच्या नैऋत्येकडून आत शिरलं. मिल्टन २०२४ मध्ये गल्फच्या पश्चिम भागात ५ ऑक्टोबरला तयार झालं, ९ च्या रात्री टॅम्पाच्या खाली सिएस्टा कीला. टॅम्पा-सारासोटाकडे राहणाऱ्या मंडळींनी "आफ्रिकेहून काही येत नाहीये" म्हणून ऑक्टोबरमध्ये खिडक्यांवरची वादळाची शटर्स काढून ठेवू नयेत.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. दोन्ही रस्ते बंद. ना धड रिज ना धड ट्रफ, वादळ मध्येच थांबतं. आणि खाली ते खोल गरम पाणी. १९९८ च्या मिचचं हेच झालं, २२ ऑक्टोबरला तयार झालं, २६ ला कॅटेगरी ५, वारा ताशी २९० किमीच्या आसपास, अंदाज होता की वायव्येला युकातानकडे जाईल, आणि ते होंडुरासच्या किनाऱ्याजवळ रेंगाळलं आणि मग हळूच दक्षिणेला सरकलं. फँटोम नावाचं चार डोलकाठ्यांचं पर्यटकांचं जहाज होतं, प्रवासी त्यांनी बेलीझला उतरवले आणि रोआतानच्या आडोशाला जायचा प्रयत्न केला. अंदाजाप्रमाणे ते बरोबर होतं, बेटाच्या दक्षिणेला लाटा अडतात. पण वादळच दक्षिणेला आलं. २७ ऑक्टोबरनंतर जहाज कुणाला दिसलं नाही, ३१ खलाशी गेले. आमच्या धंद्यात हे उदाहरण अजून शिकवलं जातं, कारण त्यात दाखवता येतं की होंडुरासच्या आखातात एकदा शिरलात की पळायला जागा नाही, दक्षिणेला डोंगर, पश्चिमेला बेलीझचं प्रवाळ. पुढे मिचच्या पावसाने मध्य अमेरिकेत, मुख्यतः होंडुरास-निकाराग्वात, ११,००० हून जास्त माणसं मेली, वाऱ्याने नाही, पुराने आणि दरडींनी. निकाराग्वातल्या कासीता ज्वालामुखीचा उतार सुटून खालची गावं गाडली गेली. मेलिसाचंही २०२५ मध्ये तेच, जमैकाच्या दक्षिणेला कितीतरी दिवस रांगत होतं, वाढत वाढत कॅटेगरी ५ झालं आणि मग वळून २८ ऑक्टोबरला जमैकावर. मेलिसा वळण्याआधीच्या त्या दिवसांत आम्ही किंग्स्टनला जाणारी जहाजं लांबच थांबवली होती.

कॅरिबियन सोडून दुसरी एक जागा आहे पण ती तुम्हाला लागणार नाही, तरी पूर्ण चित्र म्हणून. बर्म्युडा ते अझोर्स, मधला उपोष्ण अटलांटिक. तिथे पाणी २४-२५ डिग्री असतं, पुस्तकात किमान २६.५ लिहिलेलं असतं म्हणून लोक म्हणतात अशक्य. पण वरून थंड हवेचा एखादा ट्रफ तुटून येऊन बसला की खालच्या-वरच्या तापमानातला फरक पुरेसा होतो, गडगडाटी ढग वाढतात आणि अर्धवट फ्रंटसारखं काहीतरी हळूहळू ट्रॉपिकल होतं. ओफेलिया २०१७ मध्ये असंच एका मरत्या फ्रंटमधून झालं, अझोर्सजवळ कॅटेगरी ३, आणि १६ ऑक्टोबरला आयर्लंडवर. डिसेंबरमध्ये जी काही मोजकी वादळं होतात त्यातली बरीचशी याच भागातली, २००५ चं झीटा तर ३० डिसेंबरला सुरू होऊन नव्या वर्षात गेलं. युरोपला जाणाऱ्या जहाजांना त्रास, बाकी कुणाला फारसा नाही. कधी ती पश्चिमेला येतात आणि मग बातमी होते, निकोल २०२२ मध्ये असंच सबट्रॉपिकल म्हणून सुरू झालं आणि १० नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर आलं. आणि सँडी तर न्यू जर्सीतल्या मराठी लोकांना सांगायलाच नको, पेट्रोलच्या रांगा आणि ऑड-ईव्हन नंबर प्लेट आठवत असेल, पण तेही सुरू झालं होतं जमैकाच्या दक्षिणेलाच, २२ ऑक्टोबर २०१२. परत तीच जागा.

अपवाद असतात. २०२४ मध्ये सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कर्क आणि लेस्ली पूर्व अटलांटिकमध्ये झाली. टोमास २०१० मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला विंडवर्ड बेटांच्या दाराशीच तयार होऊन सेंट लुसियाला झोडपून गेलं. लेनी १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये कॅरिबियनमध्ये उलटं, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं, बेटांची बहुतेक बंदरं पश्चिमेला तोंड करून कारण नेहमी वारा पूर्वेचा, त्यामुळे लाटा थेट बंदरात. ऑस्कर २०२४ मध्ये इतकं छोटं होतं की मॉडेल्सना धड दिसलंच नाही. हे सगळं खरं, पण ट्रिप ठरवताना अपवादावर नाही, नेहमीच्या जागेवर लक्ष ठेवायचं.

वर्षावर्षात फरक पडतो तो मुख्यतः ला निन्या-एल निन्योमुळे. ला निन्या असेल तर कॅरिबियनवरचा शिअर कमी राहतो आणि सीझन लांबतो, २०२० त्याचं ठळक उदाहरण, ३० नावाची वादळं आणि शेवटची दोन मोठी नोव्हेंबरमध्ये. एल निन्यो असेल तर कॅरिबियन बरंचसं शांत राहतं, पूर्ण नाही, २००९ ला एल निन्यो असून इडा नोव्हेंबरमध्ये झालंच. त्याशिवाय एमजेओ नावाची एक पावसाळी लाट जगाभोवती ३०-६० दिवसांत फिरते, ती मध्य अमेरिकेवर आली की शक्यता वाढते, आम्ही दोन आठवड्यांपुढचं काही सांगत असलो तर बरंचसं तिच्या जोरावर.

आता तुम्ही काय करायचं.

रोज अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा सात दिवसांचा आउटलुक (पुढच्या सात दिवसांत कुठे वादळ होऊ शकतं याचा नकाशा) बघा, दिवसातून चारदा येतो, फ्लोरिडाच्या वेळेनुसार पहाटे २, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागे गेली की सगळं एक तास अलीकडे. नकाशात नैऋत्य कॅरिबियनमध्ये पिवळा रंग दिसला तरी मी त्याला सप्टेंबरच्या आफ्रिकेजवळच्या लाल इतकंच महत्त्व देतो, कारण पिवळ्याचा लाल व्हायला दोन दिवस पुरतात. शक्यतेच्या टक्क्याबरोबर खालचा मजकूर वाचा, "ब्रॉड एरिया ऑफ लो प्रेशर" हे शब्द पनामा-निकाराग्वाजवळ आले की कान टवकारायचे. २०१७ पासून हरिकेन सेंटरवाले वादळ पूर्ण तयार व्हायच्या आधीच पोटेन्शियल ट्रॉपिकल सायक्लोन म्हणून इशारे देऊ शकतात, २०२४ च्या नोव्हेंबरमधलं सारा होंडुरासजवळ तसंच सुरू झालं होतं. हा बदल मुख्यतः अशाच किनाऱ्याजवळ होणाऱ्या वादळांसाठी कामाचा आहे.

आणि फेसबुकवर कुणीतरी १२-१४ दिवसांपुढचा जीएफएसचा, म्हणजे अमेरिकन हवामान मॉडेलचा, नकाशा टाकतो ना, क्युबावर जांभळा गोळा, ते बंद करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम कॅरिबियनमध्ये खोटी हरिकेन्स तयार करायची त्या मॉडेलला जुनी खोड आहे. जायर खरा असतो, पाऊस खरा असतो, त्यातून निघालेलं राक्षसी वादळ बहुतेक वेळा नसतं. युरोपियन मॉडेल आणि दोन्हींचे एन्सेम्बल्स (सुरुवात जराशी बदलून तोच अंदाज अनेकदा चालवलेला संच) पाच-सहा दिवसांवर एकच गोष्ट बोलायला लागले तर विचार करायचा.

क्रूझचं म्हणाल तर जहाजात बसून हरिकेन बघायची वेळ येणार नाही. आजकालची मोठी जहाजं वादळापेक्षा वेगाने पळतात आणि कंपन्यांकडे आमच्यासारखी माणसं असतात. होतं ते एवढंच की रूट बदलतो, रोआतानऐवजी नसाऊ, नाहीतर दोन दिवस जास्त समुद्रात. खरी पंचाईत होते ती मायामीच्या फ्लाइट्सची, म्हणून आईबाबांना मुंबईहून निदान दोन दिवस आधी आणा, आणि परतीचं तिकीट क्रूझ संपायच्या त्याच संध्याकाळचं ठेवू नका. इन्शुरन्स आत्ताच घ्या, वादळाला नाव पडल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी चालत नाही. आईबाबांची बीपी-शुगरची औषधं चार-पाच दिवस जास्तीची, केबिनच्या बॅगेत, चेक-इनच्या नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. नोव्हेंबरमध्ये तुमचं कोझुमेल रद्द झालं तर ते हरिकेनमुळे होण्यापेक्षा नॉर्दरमुळे व्हायची शक्यता मला जास्त वाटते. कोल्ड फ्रंट गल्फ पार करून आला की मागून उत्तरेचा सोसाट्याचा वारा सुटतो, मेक्सिकोत नॉर्ते म्हणतात, बंदर एक-दोन दिवस बंद, जहाज धक्क्याला लागत नाही. आकाश निळं, ऊन पडलेलं, आणि जहाज मात्र बाहेरूनच पुढे जातं. बेलीझला तर मोठी जहाजं लांब उभी राहून छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात, त्यामुळे तिथे अजून कमी वाऱ्यातही रद्द होतं. त्याच फ्रंटचं शेपूट कधी कॅरिबियनमध्ये अडकून राहतं आणि त्यावर आठवड्याभराने नवीन कमी दाब तयार होतो, म्हणून फ्रंट गेला, हवा छान पडली, तरी आउटलुक बघायचं सोडू नका. आईबाबांना गुडघेदुखी असेल तर त्या छोट्या बोटीत चढ-उतार जमेल का हे मात्र बुकिंगवाल्याला आधीच विचारून घ्या.